वाचकांचे प्रश्न : ळ, ण आणि वाऱ्यातला माईक

प्रश्न : घरी आम्ही आगरी बोलतो. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. माझ्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, पोरं हसतात. काय करू?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : ‘डोला’, ‘पानी’ हे उच्चार अशुद्ध मुळीच नाहीत, आगरीची ती रीतच आहे. कुणी हसतं म्हणून ती सोडू नका. निवेदन प्रमाण मराठीत करायचं असेल, तर रोज दहा मिनिटं काढा.

‘न’ आणि ‘ल’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. आता ‘ट’ म्हणा. टोक मागे वळून टाळूला लागतं. तिथेच जीभ धरून आवाज नाकातून सोडा, की ‘ण’ आला. ‘ळ’साठीही टोक तिथेच न्यायचं, पण लगेच झटक्याने पुढे आणायचं, दाबून धरलं तर ‘ड’सारखं ऐकू येतं. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, म्हणून नुसता ‘ळ’ घोकू नका. आधी अळी, नळी, पोळी; मग वेल-वेळ, माल-माळ, मन-मण अशा जोड्या. आरशासमोर तोंड जरा उघडं ठेवून म्हटलं की टोक कुठे जातं ते दिसतं.

गडबड होते ती घाईत. वेग वाढला की जीभ सवयीच्या जागी जाते. तेव्हा कागदावर नारळ, मासळी, जाळं, वादळ या शब्दांखाली रेघ मारा आणि तिथे सावकाश बोला. अति जपलं तर ‘मला’चं ‘मळा’ होतं, तेही सांभाळा. दर्यावरचे किस्से मात्र आगरीतच सांगा. प्रमाण भाषेत ते फिके पडतात.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या सभेत माईक फूफू करतो आणि वाक्याचा शेवट कुणाला ऐकू जात नाही.
– एक वाचक, मालवण

उत्तर : दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. समुद्राकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे माईक अंगाच्या आडोशाला येईल. त्यावर स्पंजची टोपीही चढवा. प, फ, भ म्हणताना हवेचा झोत थेट आत जाऊन फटफट होते. माईक ओठांसमोर न धरता हनुवटीपाशी, चार बोटं लांब, किंचित तिरका धरा.

शेवट गिळला जातो तो श्वास संपल्यामुळे, आणि मराठीत नेमकं क्रियापद शेवटी असतं. ‘देणार आहोत’ की ‘देणार नाही’, हेच लोकांना कळत नाही. वाक्य बारा-पंधरा शब्दांत संपवा. खांदे न उचलता पोट फुगेल असा श्वास घेऊन मगच वाक्य सुरू करा. लांबलंच तर स्वल्पविरामापाशी पुन्हा घ्या.