आकडा आला कुठून? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सदलगा): पाऊस लागला की ग्रुपवर ‘अलमट्टी ५२४ मीटर भरलं, रातोरात जनावरं हलवा’ असा निरोप फिरतो. खरं-खोटं बघायचं कुठे?

गोम त्या आकड्यातच आहे. कृष्णेवरचं अलमट्टी धरण आज भरतं ते ५१९.६० मीटरपर्यंत; तेव्हा त्यात साधारण १२३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं. ५२४.२५६ मीटर ही कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मान्य केलेली पातळी. लवादाचा आकडा खरा, धरणही खरं; दोन्ही एका ओळीत बसवले की निरोप खरा वाटायला लागतो. शिवाय हे मीटर समुद्रसपाटीपासूनचे आहेत, पाण्याची खोली नव्हे.

रोजची पातळी, आवक आणि विसर्ग कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राच्या जलाशय तक्त्यात मिळतात. तक्ता उघडला की आधी तारीख बघा. कालचा तक्ता आजचा म्हणून पुढे गेला की गोंधळ तिथेच सुरू होतो.

पण तुमच्या शिवाराला पहिली काळजी दूधगंगेची. केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाज संकेतस्थळावर नकाशातलं जवळचं केंद्र दाबा: सध्याची पातळी, इशारा पातळी आणि धोका पातळी समोर येते. पाणी चढतंय की उतरतंय, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. आणि कृपा करून एवढं ध्यानात ठेवा: निरोप खोटा निघाला म्हणजे पूर येणार नाही असं नव्हे. तहसीलदारांची किंवा पंचायतीची सूचना आली तर जनावरं हलवाच.

प्रश्न (निपाणी): पुराचा फोटो आपल्याकडचाच आहे का, हे कसं ओळखायचं?

फोटोची ‘माहिती’ उघडून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो कधी, कुठे काढला ही आतली नोंद गळून जाते. उरते ती तुमच्या फोनमध्ये उतरल्याची तारीख.

फोटोवर लिहिलेला मजकूर कापून टाका आणि उरलेलं चित्र गूगल लेन्समध्ये घाला. अगदी तेच चित्र जिथे जिथे सापडेल, त्यातली सर्वांत जुनी तारीख शोधा. ती २०१९ किंवा २०२१ ची निघाली तर फोटो त्या साली आलेल्या पुरातला असू शकतो, आजचा मात्र नक्कीच नाही. काहीच सापडलं नाही तर चित्र उलटं करून पुन्हा घाला; आरशातल्यासारखं फिरवलेलं चित्र शोधाला चकवतं. व्हिडिओ असेल तर पाटी किंवा वाहन स्पष्ट दिसेल तिथे थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट काढा.

वाहनांचे क्रमांक वाचा: केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक, एमएच ०९ कोल्हापूर. निपाणीत कोल्हापूरच्या गाड्या रोजच असतात, म्हणून एका गाडीवरून गाव ठरवू नका. दुकानांच्या पाट्यांची लिपी आणि मागची इमारत जुळते का, तेही बघा.

प्रश्न (खानापूर): मुलीच्या प्रकल्पासाठी विकिपीडिया घ्यावा की मराठी विश्वकोश?

दोन्ही घ्या, पण वेगवेगळ्या कामांना. विश्वकोशातल्या नोंदी जाणकारांनी लिहून संपादित केलेल्या, म्हणून इतिहास, भूगोल आणि संकल्पनांसाठी भरवशाच्या. मात्र त्याचा पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे जुन्या नोंदींत लोकसंख्या १९७१ किंवा १९८१ च्या जनगणनेची असते. तो आकडा जनगणनेच्या संकेतस्थळावरूनच घ्या: २०११ मध्ये बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. वहीत आकड्याशेजारी वर्ष लिहायला लावा.

विकिपीडियावर वाक्यामागचा लहान अंक दाबून मूळ संदर्भ उघडा. संदर्भच नसेल तर ते वाक्य सोडा. सीमाप्रश्नासारख्या लेखात ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पानं आवर्जून बघा. काल कुणी काय बदललं ते तिथे दिसतं.

शोधताना ‘बेळगाव’, ‘बेळगावी’ आणि ‘बेलगाम’ तिन्ही टाका. नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, म्हणून त्याआधीचे इंग्रजी कागद जुन्याच नावाखाली आहेत.

प्रश्न (बेळगाव): कन्नडमधला सरकारी आदेश फिरतो, भाषांतर करून भागतं का?

आशय कळतो, तारखा आणि नकार निसटतात. कन्नड अंकांतले ६ आणि ९ दिसायला जवळचे, दोनदा बघा. आदेश क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या, मग ज्या खात्याचं नाव आहे त्याच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक शोधा. पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने संपतो का, तेही तपासा. केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’ या तपासणी विभागाकडे राज्याचा आदेश पाठवू नका, ते केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतात.