औद्योगिक हिऱ्याला विक्रीकरात (२०१७ पासून त्याच्या जागी जीएसटी) 'मौल्यवान रत्न' धरतात का?

फक्त 'हिरा' या नावावरून ते ठरत नाही. कराच्या यादीतल्या शब्दाची व्याख्या कायद्यात नसेल, तर बाजारात त्या मालाला काय म्हणतात हे भारतातली न्यायालयं सहसा बघतात. १९६१ चा विड्याच्या पानाचा निकाल आठवा. भाजीला करमाफी होती, म्हणून पानालाही मागितली गेली. वनस्पतिशास्त्रात काही का असेना, सर्वोच्च न्यायालयाने पानाला भाजी मानलं नाही. (बरोबरच आहे, भाजी आणायला सांगितल्यावर विड्याची पानं आणली तर घरात काय होईल!) हाच तर्क लावला, तर ड्रिलच्या टोकाला बसणारा काळपट, डागाळ खडा कुणी दागिन्यासाठी मागत नाही.

मात्र कराचा दर एचएस कोडला (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकाला) जोडलेला असेल, तर वादाला जागा कमी. ७१०२ या हिऱ्यांच्या क्रमांकात औद्योगिक हिरे ७१०२.२१ आणि ७१०२.२९ खाली, रत्नाचे ७१०२.३१ आणि ७१०२.३९ खाली. कृत्रिम हिरा ७१०४, हिऱ्याची भुकटी ७१०५. तीच भुकटी ग्राइंडिंग व्हीलला बसवली की माल थेट ६८०४ मध्ये जातो.

बिलावर नुसतं 'हिरे' लिहू नका. प्रत आणि वापर लिहा. माझ्या मते निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.