डीक्लिनसायचा फॉर्म भरताना
अगं, यूकेत डीक्लिनसायला, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला अप्लाय करतेयस ना, मग कॉन्टेक्स्टुअल माहितीचा, म्हणजे घरची-शाळेची परिस्थिती सांगायचा भाग कोरा सोडू नकोस. घरातून युनिव्हर्सिटीत जाणारी तू पहिलीच असशील, शाळेत फ्री मील मिळत असेल तर टाक ना ते, त्यात लाज कसली? काही कोर्स शॉर्टलिस्टिंगला हे बघतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी. आणि अनुभवासाठी बिनपगारी असिस्टंट सायकॉलॉजिस्टचं काम घेऊच नकोस, ज्यांना घरून पैसे येतात त्यांनाच ते परवडतं, मला तर तो सरळ अन्याय वाटतो. केअर होममध्ये पगारावर केलेलं कामसुद्धा अनुभवच आहे, फक्त त्यातून काय शिकलीस ते नीट लिही. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पैशावरची सीट मिळाली की फी भरावी लागत नाही, वर ३ वर्षं बँड ६ चा (एनएचएसच्या पगारश्रेणीतला) पगार, पण बहुतेक ठिकाणी होम फी स्टेटस, म्हणजे फीसाठी तिथलीच विद्यार्थिनी धरलं जाणं लागतं, ते आधी तपास.