वाचक विचारतात : परतलेली भाजी गिचका का होते?

प्रश्न : कोबी, गाजर, ढब्बू मिरची मोठ्या आचेवरच परतते. तरी दोन मिनिटांत कढईत पाणी साचतं. हॉटेलातली भाजी करकरीत कशी राहते? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : चौघांची भाजी तुम्ही एकदम ओतत असणार. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला घरच्या मोठ्या बर्नरला दोन-तीन मिनिटं लागतात. हॉटेलातल्या भट्टीची आच त्याच्या कितीतरी पट. भाजी जास्त पडली की कढई थंडावते, सुटलेलं पाणी तळाशी जमतं, आणि ते आहे तोवर भाजी १०० अंशांच्या वर तापत नाही. मग भाजी उकडते, परतली जात नाही.

म्हणून एका वेळी २५० ग्रॅमच घ्या, चौघांसाठी दोन घाणे काढा. भाज्या धुऊन पंचावर पसरा आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच चिरा. (आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली दहा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात अर्धा तास धरा.) गाजराच्या काड्या बारीक, कोबीच्या पट्ट्या बोटभर रुंद. ढब्बूतल्या बिया आणि पांढरा गर काढून टाका.

लोखंडी कढई रिकामीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो चुरचुरत न बसता गोळी होऊन पळाला पाहिजे. थेंब उडून गेला की एक मोठा चमचा तेल, त्यात ठेचलेला लसूण, फार तर दहा सेकंद. आधी गाजर दोन मिनिटं, मग ढब्बू एक मिनिट, शेवटी कोबी मिनिट-दीड मिनिट. उलथणं सारखं चालवू नका. पंधरा सेकंद भाजी तळाला टेकू द्या, मगच उलटा, तेव्हा कुठे खरपूस डाग पडतात. झाकण अजिबात नको. मीठ उतरवताना, कारण ते भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. सोया सॉस घालणार असाल तर मीठ निम्मं.

प्रश्न : घाण्याचं शेंगतेल चालेल का?

उत्तर : चालेल, पण ते रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं आणि मग भाजी कडवट लागते. परतायला रिफाइंड घ्या. घाण्याचं अर्धा चमचा गॅस बंद केल्यावर वरून सोडा. वास टिकतो तो असाच.

प्रश्न : वरून शेंगाचटणी घालते, ती तळाला लागून काळी पडते.

उत्तर : चटणीतला लसूण आणि तिखट तापल्या कढईत क्षणात करपतात. गॅस बंद करा, भाजी परातीत काढा आणि २५० ग्रॅमला दोन चमचे चटणी वरून भुरभुरा. उरलासुरला ओलसरपणाही कूट शोषून घेतं. चटणीत मीठ असतंच, तेव्हा वेगळं मीठ चव बघून. कडक भाकरीवर घेणार असाल तर लगेच वाढा, अर्ध्या तासात कूट फुगून भाजी गोळा होते.

प्रश्न : नॉनस्टिकमध्ये जमेल?

उत्तर : इतक्या आचेवर नाही. रिकामं तापवलं की त्याचा थर खराब होतो. लोखंडी कढईच घ्या. फक्त लिंबू पिळायचं ते भाजी बाहेर काढल्यावर, नाहीतर ती काळपट पडते.