झाडावरून उतरून माळरानावर आल्यामुळेच माणूस दोन पायांवर चालायला लागला का?

इतकं सरळ नाही. इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती 'आर्डी', माणसाच्या पूर्वजांच्या गोतातली एक मादी, सुमारे 44 लाख वर्षांपूर्वीची. ती राहायची झाडीत, तरी जमिनीवर दोन पायांवर चालायची. पायाचा अंगठा मात्र फांदी पकडणारा होता. आपल्याकडचा पाडेली पायात दोरी अडकवून माडावर चढतो, कारण त्याच्या अंगठ्याला ती पकड उरलेली नाही. आर्डीवरून तरी उभं चालणं जंगलातच सुरू झालेलं दिसतं. माळरानं पसरली म्हणून पूर्वज उभे राहिले, ही जुनी गोष्ट आता फारशी टिकत नाही.

मला सगळ्यात भारी पुरावा वाटतो तो टांझानियातल्या लेटोलीचा. 1978 मध्ये आदिमानवाच्या अभ्यासक मेरी लीकी यांच्या चमूला तिथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सापडली, सुमारे 36.6 लाख वर्षांपूर्वीची. गुहागरच्या ओल्या वाळूत चालून मागे वळून बघा: टाच खोल, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. लेटोलीची पावलंही बरीचशी अशीच आहेत.

आणि मेंदू? तो मागून वाढला. 32 लाख वर्षांपूर्वीची 'लूसी', जिचा सांगाडाही इथिओपियातच सापडला, दोन पायांवर चालत होती, पण तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा. 'हुशार झाला म्हणून उभा राहिला' हे तर सरळ उलटं आहे.

नेमकं कारण काय, यावर अजून भांडणं चालू आहेत. कमी शक्तीत लांब चालता येणं आणि खाणं वाहून न्यायला हात मोकळे होणं, ही दोन मतं जास्त ऐकू येतात. मला पहिलं जास्त पटतं.