'रॉ' म्हणजे 'कच्चा' नव्हे

प्रश्न : म्युतिलासियों या फ्रेंच ब्लॅक मेटल (हेवी मेटल संगीताचा एक टोकाचा, काळोखा प्रकार) बँडच्या 'व्हॅम्पायर्स ऑफ ब्लॅक इम्पीरियल ब्लड' (1995) या अल्बमबद्दल श्रोत्यांनी लिहिलेली मतं मराठीत आणते आहे. दर दुसऱ्या मतात 'रॉ' (raw) हा इंग्रजी शब्द येतो, कधी कौतुकाने, कधी वैतागून. कोशाप्रमाणे 'कच्चा' लिहिलं, तर वाचणाऱ्यांना वाटतं की अल्बम अर्धवट राहिलाय. दुसरा शब्द आहे का? शिवाय 'थिन', 'मडी' आणि 'कोल्ड' यांचं काय करायचं?

उत्तर : वाचणाऱ्यांना तसं वाटणारच, कारण मराठीतला 'कच्चा' नेहमी पुढच्या गाडीची वाट बघत उभा असतो. कच्चा आंबा पिकायचा असतो, कच्चा खर्डा पक्का व्हायचा असतो, कच्च्या कैद्याच्या खटल्याचा निकाल लागायचा असतो, कच्चा रस्ता डांबरी व्हायचा असतो (निदान निवडणुकीपर्यंत). हा शब्द माणसाला लावला की उणीव दाखवतो : गणितात कच्चा, सुराला कच्चा, तालाला कच्चा. खेळात ज्याला कुणी बाद धरत नाही तो तर कच्चा लिंबूच. त्यामुळे 'या अल्बमचा आवाज कच्चा आहे' हे वाक्य मराठी कान दोनच प्रकारे ऐकतो. एकतर मिक्सिंग व्हायचं राहिलंय, नाहीतर वाजवणाऱ्यांचा हात बसलेला नाही.

'रॉ' लिहिणाऱ्या चाहत्याला यातलं काहीच म्हणायचं नसतं. त्याच्या लेखी काम पूर्ण झालंय. घासूनपुसून गुळगुळीत करणं तेवढं मुद्दाम टाळलंय. 'अजून झालं नाही' आणि 'करायचं नाही असं ठरवलं' यांतला फरक 'कच्चा' दाखवू शकत नाही. पर्यायी शब्द निवडताना एवढी एक कसोटी लावा, बरेच उमेदवार आपोआप गळतील.

जाता जाता एक व्युत्पत्ती. इंग्रजी 'रॉ', फ्रेंच 'क्र्यू' आणि आपला 'क्रूर' हे तिघे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूवरून आलेले आहेत. अर्थाच्या मुळाशी रक्ताळलेलं, न शिजवलेलं मांस. संस्कृतातलं 'क्रव्य' म्हणजे कच्चं मांस आणि ते खाणारा 'क्रव्याद', हेही त्याच घरातले. 'कच्चा' मात्र या कुळातला नाही. अल्बमच्या नावातच रक्त आणि रक्तपिपासू असल्यामुळे 'क्रूर' वापरायचा मोह होईल, तो आवरा. मराठीत क्रूर असतो तो माणूस, फार तर नियती, ध्वनिमुद्रण नाही.

तुमच्याकडची काही मतं मूळ फ्रेंचमधली असतील तर आधी तिथला शब्द तपासा. फ्रेंच श्रोते 'रॉ' हा उसना शब्द सर्रास वापरतात, पण त्यांच्याकडे स्वतःचेही आहेत आणि ते एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत. 'क्र्यू' म्हणजे न शिजवलेलं, आणि बोलण्याबाबत आडपडदा न ठेवणारं. 'ब्र्यूत' म्हणजे न घडवलेलं : पैलू न पाडलेला हिरा, विहिरीतून निघालेलं खनिज तेल. 'क्रासो' म्हणजे सरळसरळ मळकट, आणि मराठीत तो 'मळकट'च ठेवावा. 'मळकट आवाज' हे कानाला नवीन असलं तरी लगेच कळतं.

यांपैकी 'ब्र्यूत'ला फ्रेंच कलाविश्वात मान आहे, आणि अनुवादात तोच सहज हरवतो. कलाशिक्षण न घेतलेल्यांनी, कलाजगताच्या बाहेर राहून केलेल्या कलेला चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी 1945 च्या सुमारास 'आर ब्र्यूत' असं नाव दिलं. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या मार्सेयमधल्या, 1952 साली पूर्ण झालेल्या निवासी इमारतीच्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे वण तसेच ठेवलेले आहेत. त्याला 'बेताँ ब्र्यूत' म्हणतात. न लपवलेला वण हीच तिथली सजावट. मराठीत याला शब्दशः 'बिनगिलाव्याचं' म्हणता येईल, पण गिलावा न केलेलं घर दिसलं की आपल्याकडे पहिला विचार येतो तो पैसे संपल्याचा. म्हणजे पुन्हा 'कच्चा'च्याच दारात.

आता शब्दांआधी आवाजाकडे बघू. खरखर कुठून येते हे माहीत असलं की कुठल्या श्रोत्याची तक्रार कशाबद्दल आहे ते नेमकं कळतं.

1990 च्या दशकात या प्रकारातलं पुष्कळ संगीत चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवलं गेलं. साध्या स्टिरिओ कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन उलट्या बाजूचे. चार ट्रॅकचं यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं. फीत जेमतेम 3.8 मिलिमीटर रुंद, त्यामुळे प्रत्येक वाद्याच्या वाट्याला एक मिलिमीटरसुद्धा येत नाही. फितीची स्वतःची 'सूंऽऽ' अशी बारीक सळसळ असते, आणि वाद्याचा आवाज पुरेशा जोरात उतरवला नाही तर ती सळसळ वर येते. फार जोरात उतरवला तर फीत भरून जाते आणि आवाजाच्या कडा फाटतात. चार पट्टे पुरले नाहीत तर तीन पट्ट्यांवरचं वाजवणं चौथ्यावर एकत्र उतरवून ते तीन पुन्हा मोकळे करतात. या प्रत्येक उतरवणीत सळसळीचा नवा थर चढतो. कॅसेटवरून कॅसेट काढतानाही तेच होतं. फीत आणि पातळी सारखी असेल तर पहिल्याच प्रतीत सळसळ साधारण 3 डेसिबलने वाढते. दोन यंत्रांच्या हेडचा (फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या-उतरवणाऱ्या भागाचा) कोन जुळलेला नसेल तर वरच्या पट्टीतला आवाज खाल्ला जातो तो वेगळाच.

त्यात वादनाची पद्धत अशी की गिटारची तार सलग, न थांबता छेडायची. ठेक्याचा वेग मिनिटाला 180 मात्रा धरला आणि मात्रेला चार छेडी, तर सेकंदाला 12 छेडी होतात. एवढ्या जवळजवळ पडणाऱ्या छेडी, भरपूर डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) आणि वर फितीची सळसळ असं एकत्र झालं की सुटे स्वर ऐकू न येता एक अखंड भणभण ऐकू येते. धून त्या भणभणीच्या आत असते आणि कान सरावल्यावर सापडते. श्रोत्यांची दोन टोकांची मतं बरीचशी इथूनच येतात. ज्याला धून सापडली त्याला भणभण म्हणजे वातावरण वाटते, ज्याला नाही सापडली त्याला बिघडलेला रेडिओ.

म्हणून 'रॉ'ला एकच मराठी शब्द ठरवून सगळीकडे 'शोधा आणि बदला' करू नका. या मतांमध्ये तो निदान चार कामं करतो. पहिलं काम उपप्रकाराचं नाव म्हणून. तिथे 'रॉ ब्लॅक मेटल' असंच देवनागरीत लिहा. मुंबई-पुण्यात मेटल ऐकणारे मराठीत बोलतानाही 'रॉ'च म्हणतात. आपण 'ख्याल'चं भाषांतर करत नाही, तसंच हे. ('काळा धातू'चा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.)

दुसरं काम ध्वनिमुद्रणाचं वर्णन. इथे माझी पसंती 'खरखरीत'ला. हा शब्द स्पर्शाचाही आहे आणि त्याच्या पोटात 'खरखर' हा आवाजही आहे. खरखरीत घोंगडी विणकराला विणता आली नाही म्हणून खरखरीत नसते, ती तशीच असते. कसोटी पास. मत कौतुकाचं असेल तर 'मुद्दाम खरखरीत ठेवलेलं ध्वनिमुद्रण' असा हेतू उघड करा. वैतागाचं असेल तर 'ओबडधोबड' वापरा, म्हणजे त्यातली नाराजी वेगळी सांगावी लागणार नाही. मूळ शब्द दोन्हीकडे एक असताना मराठीत दोन वापरणं म्हणजे बेइमानी, असं काही अनुवादक म्हणतील. मला ते पटत नाही. मूळ वाचकाला सूर आजूबाजूच्या वाक्यांतून कळतो, मराठी वाचकाला 'कच्चा'ने उलटाच कळेल.

तिसरं काम वादनाबद्दल : ताल किंचित घसरतो, गिटार नीट लावलेली वाटत नाही, तरी चालतं. इथे 'अनघड' चांगला. घडवलेलं नाही, पण म्हणून निकृष्टही नाही. चौथं काम भावनेचं, म्हणजे जखमेला 'रॉ' म्हणतात त्या अर्थाने. इथे मराठीला 'ओली जखम' हा तयार जोड आहे. 'त्याच्या किंकाळ्यांत रॉ वेदना आहे' याऐवजी 'त्याच्या किंकाळ्या ऐकताना जखम अजून ओली आहे हे कळतं' असं लिहा. 'कच्ची वेदना' म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही.

काही जण 'रांगडा' सुचवतील. नको. रांगडेपणात तब्येत असते, मोकळी हवा असते, लाल मातीचा आखाडा असतो. या अल्बमचं जग तळघरातलं, आजारी, उन्हाची ॲलर्जी असलेलं. 'गावरान' तर नकोच, त्याला ठेच्याचा वास येतो. 'राकट' थोडा जवळ येतो, पण त्यातही अंगात ताकद असल्याची खात्री आहे. अर्थाने सर्वांत नेमका शब्द स्वयंपाकघरात सापडतो, 'हातसडीचा' : पॉलिश न केलेला, तसाच हवा म्हणून घेतलेला, आणि वर जास्त पैसे मोजून. अनुवादाला प्रस्तावना लिहिणार असाल तर ही तुलना एकदा जरूर वापरा. मजकुरात मात्र 'हातसडीचं ब्लॅक मेटल' म्हटलं की लोक हसतील.

'कच्चा' अजिबातच चालणार नाही असंही नाही. म्युतिलासियोंचं नाव ज्या 'ले लेजियों न्वार' या मंडळाशी जोडलं जातं (शब्दशः काळ्या पलटणी), त्यातल्या ब्रेस्टकडच्या व्लाद तेपेस, बेल्केत्र अशा बँडांच्या डेमो (नमुन्यादाखल केलेल्या) आणि तालमीच्या कॅसेट अगदी थोड्या प्रतींत, हातोहात फिरल्या. तालमीची कॅसेट हा खरोखरच खर्डा असतो. त्याबद्दल कुणी 'रॉ' म्हटलं असेल तर 'कच्चं ध्वनिमुद्रण' बिनधास्त लिहा. म्हणजे मत अल्बमबद्दल आहे की डेमोबद्दल, हे दर वेळी बघावं लागेल.

'रॉ प्रॉडक्शन'मधल्या दुसऱ्या शब्दाबद्दलही सांगायला हवं. 'प्रॉडक्शन'ला 'निर्मिती' करू नका. मराठीत निर्मिती म्हटलं की नाटकाचा निर्माता, त्याचं बजेट आणि नारळ फोडणं डोळ्यांपुढे येतं. 'ध्वनिमुद्रण' म्हणा, किंवा सरळ 'आवाज'. याउलट 'ॲटमॉस्फिअर'साठी नाट्यसमीक्षेतला 'वातावरणनिर्मिती' अगदी चपखल बसतो.

'थिन' आणि 'मडी' हे दोन्ही 'अस्पष्ट' या एकाच गाठोड्यात बांधू नका, कारण त्या उलट्या तक्रारी आहेत. 'थिन' म्हणजे खालचा, भरीव भाग नाही, बास गिटार गायब, वरचं टोक तेवढं कानात घुसतं. त्याला 'पातळ', आणि फारच टोचत असेल तर 'किनरा'. 'मडी' म्हणजे साधारण 200 ते 500 हर्ट्झच्या पट्ट्यात सगळी वाद्यं एकमेकांवर साचलेली. त्याला 'गढूळ' हा शब्द इतका बरोबर आहे की मूळ शब्दाची आठवणही राहू नये. एकाच अल्बमला एक श्रोता 'किनरा' आणि दुसरा 'गढूळ' म्हणत असेल तर लगेच अनुवादाची चूक समजू नका. तिसऱ्या-चौथ्या हाताच्या कॅसेटवर वरचं टोक झिजून गेलेलं असतं आणि गढूळपणा उरतो. तोच अल्बम सीडीवर ऐकणाऱ्याला ते टोक पूर्ण धारेनिशी मिळतं. मत देणाऱ्याने कुठली प्रत ऐकली ते लिहिलं असेल तर अनुवादात ते गाळू नका.

गायनासाठी 'कर्कश' जपून. तो मराठीत निव्वळ तक्रार आहे. चाहत्याच्या तोंडी 'चिरकी किंकाळी' शोभेल, 'भसाडा' अजिबात नाही. भसाडा आवाज जाड असतो आणि इथला आवाज तर सोलून पातळ केलेला.

राहिला 'कोल्ड'. ब्लॅक मेटलच्या चाहत्याकडून याहून मोठी शाबासकी नाही, आणि नेमका इथेच मराठी अनुवाद सर्वांत जास्त फसतो. 'अल्बम थंड आहे' म्हणजे आपल्याकडे प्रयोग पडला : थंड प्रतिसाद, थंड प्रेक्षक. 'गार'चंही तेच, माणूस गार पडतो तो हरल्यावर किंवा मेल्यावर. 'गोठवणारा' चालेल, पण तो वापरून वापरून बोथट झालाय. मी 'बोचरा' घेईन. बोचरी थंडी सगळ्यांना माहीत आहे, आणि गिटारच्या त्या टोकदार भणभणीलाही हाच शब्द लागतो. 'अल्बमचा खरखरीत, बोचरा आवाज' एवढं लिहिलंत तर 'रॉ अँड कोल्ड'चं काम भागतं, आणि कौतुक आहे की तक्रार हे ठरवायची मोकळीक मूळ मताइतकीच शिल्लक राहते.