ब्रॉडबँडचे आठ पौंड आणि पेन्शनचे चौदाशे

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे स्वतःच्या घरात राहतो. माझे वय ४१, पगार वर्षाला ४२ हजार पौंड. यजमान अर्धवेळ नोकरी करतात, दोन मुले शाळेत आहेत. सध्याच्या ब्रॉडबँडला महिन्याला ३६ पौंड पडतात, वेग कागदावर ५५ एमबीपीएस आहे, पण संध्याकाळी कॉल वारंवार तुटतात. कराराचे दहा महिने बाकी आहेत आणि आता सोडल्यास १९० पौंड भरावे लागतील. आमच्या रस्त्यावर नुकतेच फुल फायबर (थेट घरापर्यंत फायबरची तार) आले असून नवी कंपनी ५०० एमबीपीएस २८ पौंडांत, पहिले तीन महिने मोफत, चोवीस महिन्यांच्या करारावर देत आहे. बदलावे का? वाचलेल्या पैशात मुलीसाठी आणखी एक पॉलिसी घ्यायचा विचार आहे. पुण्यातली पहिली पॉलिसी यजमानांच्या मामांकडून घेतली, तिचे दोन हप्ते भरले आहेत आणि आता सोडली तर दोन हप्ते बुडतील. तिचा वर्षाचा दीड लाखाचा हप्ता भरता यावा म्हणून मी गेल्या वर्षी ऑफिसची पेन्शन बंद केली, त्यामुळे हात थोडा आखडलेला असतो.

उत्तर : तुमच्या ब्रॉडबँडच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, पण पत्राचे शेवटचे वाक्य वाचल्यावर त्या प्रश्नाला फार जागा देणे मला योग्य वाटत नाही.

आधी ब्रॉडबँड. आत्ता बदलल्यास पुढच्या दहा महिन्यांत १९० पौंड दंडाचे आणि सात महिन्यांचे २८ प्रमाणे १९६, असे एकूण ३८६ पौंड जातील. न बदलल्यास ३६० जातील. म्हणजे दहा महिन्यांत बचत काहीच नाही, उलट २६ पौंड जास्त. त्यानंतर महिन्याला आठ पौंड, वर्षाला शंभराच्या आत, एवढीच बचत आहे, आणि दोन्ही करारांत दर एप्रिलला होणारी वाढ मी यात धरलेली नाही. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत ही वाढ महागाईच्या टक्क्यांत न सांगता पौंड-पेन्समध्ये सांगणे ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने, ऑफकॉमने, बंधनकारक केले आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी तो आकडा वाचा. चोवीस महिन्यांच्या करारात दोन एप्रिल येतात.

मात्र दंड भरायच्या आधी एक गोष्ट करा. तुमच्या सध्याच्या करारात किमान हमी दिलेला वेग लिहिलेला असतो. संध्याकाळी राउटरला थेट केबल लावून सलग काही दिवस वेग मोजा, नोंदी ठेवा आणि तो हमीपेक्षा कमी भरला तर कंपनीकडे रीतसर तक्रार करा. ऑफकॉमच्या वेगविषयक संहितेवर सही केलेल्या कंपन्यांना दोष दूर करायला तीस दिवस मिळतात. त्यात तो दूर झाला नाही, तर ग्राहकाला दंडाशिवाय करार सोडता येतो. तुमच्याकडे फायबर फक्त रस्त्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत येते आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार आहे, त्यामुळे ही तक्रार निराधार ठरण्याची शक्यता कमी आहे. शिवाय तुमचीच कंपनी त्या रस्त्यावर फुल फायबर देत असेल तर तिच्याकडेच नवा करार केल्यास जुन्याचा दंड बहुधा माफ होतो, आणि काही नव्या कंपन्या येणाऱ्या ग्राहकाचा दंड ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः भरतात. हे सर्व विचारून पाहा. यातले काहीच जमले नाही आणि घरून काम करताना कॉल तुटत असतील, तर २६ पौंड जास्त भरून बदला; कामाची अडचण त्याहून महाग आहे. कॉल तुटण्याचा त्रास फक्त मनोरंजनापुरता असेल, तर दहा महिने थांबा, कारण तीन महिने मोफत ही सवलत तेव्हाही कुणीतरी देतच असेल.

५०० एमबीपीएसची तुम्हाला गरज नाही. फोर-के चित्रपटाला २५ च्या आसपास लागतात, त्यामुळे चौघांच्या घराला १५० पुरेसे आहेत. त्याचा दर विचारा. सप्टेंबर २०२४ पासून बदल करण्यासाठी फक्त नव्या कंपनीशी बोलावे लागते, जुनी सेवा तीच बंद करून देते, मात्र लँडलाइनचा नंबर हवा असल्यास तो सोबत येईल का हे आधीच विचारून घ्या. फुल फायबरवर फोन राउटरला जोडावा लागतो आणि वीज गेली की तोही बंद पडतो.

आता पेन्शन.

तुम्ही ब्रिटनमध्ये ऑफिसची पेन्शन बंद केली म्हणजे नेमके काय केले, हे आकड्यांतच पाहा. किमान नियमानुसार ६,२४० ते ५०,२७० पौंडांमधल्या पगारावर एकूण आठ टक्के जमा होतात. तुमच्या बाबतीत ही रक्कम वर्षाला सुमारे २,८६० पौंड आहे. त्यातले तुमच्या खिशातून फक्त १,४३० जातात. सुमारे १,०७० मालक घालतो आणि ३६० करसवलतीतून येतात. म्हणजे तुम्ही एक पौंड ठेवला की त्याच दिवशी त्याचे दोन होतात. ही जाहिरातीतली भाषा नाही, तुमच्या पगारपत्रकावरची बेरीज आहे.

तुमच्या पॉलिसीचे आश्वासन, पत्रासोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे, असे आहे : दहा वर्षे दीड लाख भरा, विसाव्या वर्षी तीस लाख घ्या, 'दुप्पट आणि करमुक्त'. पंधरा लाखांचे तीस लाख हे ऐकायला छान वाटते, पण परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. तोही रुपयांत. २००५ मध्ये पौंड ८० रुपयांच्या आसपास होता, आज ११५ धरू. ही घसरण याच गतीने चालू राहिली तर पौंडांत तुमच्या हाती तीन टक्केही लागत नाहीत. 'करमुक्त' हा शब्द तर तुमच्यापुरता खोटाच आहे. भारताच्या आयकर कायद्यातली सूट ब्रिटनच्या कर विभागाला बांधील नाही. पॉलिसीचे पैसे हाती येतील तेव्हा तुम्ही इथल्या रहिवासी असाल तर परदेशी विमा पॉलिसीवरचा नफा इथे उत्पन्न म्हणून दाखवून त्यावर कर भरावा लागेल. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे न सांगता पॉलिसी विकणे हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे, मग विकणारे तुम्ही लिहिता तसे यजमानांचे मामा असले तरी.

दीड लाखाचा हप्ता म्हणजे सुमारे १,३०० पौंड. तो भरण्यासाठी तुम्ही दरवर्षी मालकाचे आणि सरकारचे मिळून १,४३० पौंड, म्हणजे जवळजवळ एक लाख चौसष्ट हजार रुपये, सोडून देत आहात. हप्त्यापेक्षा सोडलेली रक्कमच मोठी आहे. एक पॉलिसी तुमचे पैसे वीस वर्षांत दुप्पट करण्याचे वचन देते, आणि तिच्यासाठी तुम्ही पहिल्याच दिवशी दुप्पट करणारी सोय बंद केली. गेल्या वर्षीचा मालकाचा वाटा गेला, तो आता मिळणार नाही. या वर्षीचा अजून वाचवता येईल.

पेन्शनचे पैसे ५५ व्या वर्षापर्यंत, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ व्या वर्षापर्यंत, हाताला लागत नाहीत, त्यातले साधारणपणे २५ टक्के करमुक्त असतात आणि बाकीच्यावर कर पडतो. ही बंधने खरी आहेत. पण बाजार एक पैसाही वाढला नाही असे धरले, तरी वीस वर्षांत तुमच्या २८,६०० पौंडांचे ५७ हजार झालेले असतील. त्यावर कर भरूनही पॉलिसी जवळपास येत नाही. तुम्ही पुढे पुण्याला परतलात तरी हे पैसे तुमचेच राहतात.

'आता सोडली तर दोन हप्ते बुडतील' ही भीती मी समजू शकतो. जुन्या धर्तीच्या पॉलिसीत दोन हप्त्यांनंतर सोडल्यास भरलेल्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास हाती येते, म्हणजे वाईटात वाईट धरले तर तीन लाखांतले दोन लाख दहा हजार जातील. हा तोटा मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. पण पेन्शन बंद ठेवल्याने तेवढीच रक्कम सव्वा वर्षात जाते, आणि पुढची आठ वर्षे जातच राहते. शिवाय पॉलिसी सोडण्याऐवजी पेड-अप करण्याचा मार्गही असतो : पुढचे हप्ते थांबतात, भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळते. सरेंडर व्हॅल्यू (आता सोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू हे दोन्ही आकडे विमा कंपनीकडून लेखी मागवा. मामांकडून तोंडी नकोत.

विम्याचे म्हणाल, तर या पॉलिसीचे संरक्षण पंधरा लाखांचे आहे, म्हणजे १३ हजार पौंड, तुमचा चार महिन्यांचाही पगार नाही. डोक्यावर गृहकर्ज आणि घरात दोन मुले असताना याला संरक्षण म्हणता येणार नाही. ऑफिसकडून मृत्यूनंतर कुटुंबाला पगाराच्या किती पट मिळते ते तपासा आणि उरलेल्या गरजेसाठी इथलाच साधा टर्म इन्शुरन्स घ्या. मुलीच्या नावाने नवी पॉलिसी घेऊ नका. ब्रॉडबँडचे वर्षाचे शंभर पौंडही वाचतील की नाही अशी स्थिती असताना त्यांच्या भरवशावर दहा वर्षांचे बंधन बांधून घेण्यात काहीच अर्थ नाही.

या आठवड्यात ऑफिसच्या पेरोल विभागाला एक ओळीची ईमेल पाठवा की तुम्हाला पेन्शन योजनेत पुन्हा सामील व्हायचे आहे. बारा महिन्यांत एकदा केलेली अशी विनंती मालकाला मान्य करावीच लागते. त्याच ईमेलमध्ये, तुम्ही वाटा वाढवल्यास कंपनी तिचा वाटा तीन टक्क्यांपेक्षा वर नेते का, हेही विचारा; पुष्कळ मालक नेतात आणि पुष्कळ कर्मचारी विचारतच नाहीत. विमा कंपनीचे दोन आकडे आले की मला कळवा, सोडायची की पेड-अप करायची ते तेव्हा ठरवू. तोपर्यंत तिसरा हप्ता भरू नका. भरण्याची मुदत आणि सवलतीचे दिवस पॉलिसीच्या कागदावर आहेत, ते संपण्यापूर्वी आकडे हातात यायला हवेत.